रंगरावाचे पंच्याहत्तर दिवस

आमच्या गावात अन्नपूर्णाबाईंशी ज्याचं कधी भांडण झालं नाही असा माणूस शोधायचा तर पाळण्यातच बघावं लागेल. साडेसतरा वर्षं ही बाई ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत जंतुनाशक पावडर टाकत होती आणि तेवढीच वर्षं गावाशी भांडत होती. कुणी नळाला मोटर लावली, भांड. कुणी नळाखाली भांडी घासून राख तिथंच सोडली, भांड. एकदा तर खुद्द सरपंचांच्या अंगणात जाऊन तिनं मोटरची वायर उपटून सरपंचीणबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही घरात जपून ठेवा, वहिनी. बाहेर ठेवली तं मी नेईन."

मी शकील. ग्रामपंचायतीच्या समोर माझं अर्ज लिहून, टाइप करून देण्याचं दुकान आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही. मोताळ्याहून एसटीनं अर्ध्या तासावर आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर उद्या कार्यालयातून कुणीतरी माझ्या दुकानाचा परवाना बघायला येईल, आणि तो परवाना मलाच दोन वर्षांपासून सापडत नाही.

बाईंना ही नोकरी मिळाली तीही भांडणातूनच. २००५ च्या पावसाळ्यात गावात काविळीची साथ आली. खालच्या पुऱ्यातली दोन माणसं गेली. पाण्यात रोज पावडर टाका, असा वरून हुकूम आला, पण ज्याला हे काम दिलं होतं तो पावडरची पिशवी टाकीखालच्या झुडपात रिकामी करून घरी जायचा, कारण टाकीला बेचाळीस पायऱ्यांची लोखंडी शिडी आणि त्याला कंटाळा. अन्नपूर्णाबाईंनी ती झुडपातली पांढरी पावडर ओंजळीत भरून ग्रामसभेत आणली आणि टेबलावर ओतली. सरपंच थट्टेनं म्हणाले, "मग तूच चढ ना, बाई." बाईंनी पदर खोचला आणि चढल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढल्या. पुढची साडेसतरा वर्षं त्या चढत राहिल्या.

काम तसं साधं. पावडर बादलीत कालवायची, वरची निवळी टाकीत सोडायची, आणि मग गावाच्या शेवटच्या नळावर जाऊन बाटलीत पाणी धरायचं. त्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं म्हणजे पावडर तिथवर पोचली. त्या पावडरीनं बाईंच्या बोटांची कातडी कायमची सोलवटली होती आणि पांढरे डाग पडले नाहीत असं एकही लुगडं त्यांच्याकडे नव्हतं. लग्नाला जायचं तरी डागाचंच लुगडं नेसून जायच्या. डाग झाकायला कधी बघितलं नाही.

आता 'खंड' म्हणजे काय ते सांगतो, कारण बाईंचं सगळं त्यातच अडकलं.

रोजंदारीवरचा माणूस वर्षानुवर्षं सलग कामावर दिसला की तो उद्या म्हणतो, मला कायम करा. त्यानं तसं म्हणू नये म्हणून हुशार लोकांनी एक युक्ती काढून ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी पाच दिवस त्या माणसाचं नाव हजेरीपटावर लिहायचं नाही. काम मात्र थांबत नाही, पाणी तर रोजच लागतं. मग त्या पाच दिवसांसाठी त्याच घरातलं दुसरं कुणाचं तरी नाव लिहायचं. कुणाच्या भावाचं, कुणाच्या सुनेचं. कामाला तोच माणूस येतो, कागदावर मात्र तो घरी बसलेला असतो. हे आमच्याकडे इतकं मुरलेलं होतं की लोक एकमेकांना सहज विचारायचे, "काऊन बे, या महिन्यात तुहा खंड हाय का?"

अन्नपूर्णाबाईंच्या खंडात नाव लागायचं त्यांच्या नवऱ्याचं, रंगरावाचं. रंगराव जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा. माणूस देवभोळा आणि गरीब स्वभावाचा, पण उंचीला इतका घाबरायचा की तिसऱ्या पायरीवर त्याला चक्कर यायची. साऱ्या गावाला हे माहीत होतं. तरी दर तीन महिन्यांनी पाच दिवस कागदावर तोच टाकीवर चढायचा. त्याला सही येत नव्हती. तो कार्यालयात येऊन अंगठा लावायचा, ग्रामसेवक उकंडरावांना हात जोडायचा आणि जायचा. उकंडरावांना गावात सगळे सचिव म्हणत. मृत्यूचं रजिस्टरही तेच लिहायचे आणि हजेरीपटही.

फेब्रुवारी २०१९ मध्ये रंगराव गेला. छातीत कळ आली, बुलढाण्याला नेईस्तोवर संपलं. सचिवांनी मृत्यूच्या रजिस्टरात नोंद केली. मार्च महिन्यात बाईंचा खंड आला. सचिवांनी हजेरीपट उघडला आणि चौदा वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला, त्यांनी रंगरावाचं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं आणि समोर उभ्या बाईंच्याही. सचिव ते खोडायला गेले तेव्हा बाईंनी त्यांचा पेन धरला.

"राहू द्या, सचिव. राशनच्या कार्डातून त्याले काढलं. मतदार यादीतून काढतीन. एका जागी तं राहू द्या."

सचिवांनी तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण ते म्हणाले, "पाच दिवसांचाच तं सवाल हाय." आणि सातवीपर्यंत शिकलेल्या, झोकात सही करणाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी मेलेल्या नवऱ्याच्या नावासमोर स्वतःचा अंगठा उमटवला.

एकदा झालं, मग होतच गेलं. दर तीन महिन्यांनी पाच दिवस. लॉकडाऊनमध्ये सगळं गाव दारं लावून बसलं होतं तेव्हा जूनमधले पाच दिवस गावाची टाकी सांभाळली ती सव्वा वर्षापूर्वी सरणावर गेलेल्या माणसानं. असे पंधरा खंड, पंच्याहत्तर दिवस. एकाच कपाटात, एकाच हाताच्या अक्षरात, एक रजिस्टर सांगत होतं की रंगराव मेला आणि दुसरं सांगत होतं की रंगराव कामावर हजर आहे. चार वर्षं दर वर्षी तपासणीला माणसं आली, चहा पिऊन गेली. कुणाला काही दिसलं नाही. हे सगळं मलाही फार नंतर कळलं.

२०२२ च्या शेवटी ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली. पाटी बदलली, मुख्याधिकारी आले, आणि जुन्या कर्मचाऱ्यांना सामावून घेण्याची यादी लागली. त्यात अकरा नावं होती आणि तीन नव्हती. अन्नपूर्णाबाई नव्हत्या, रस्ते झाडणाऱ्या कलाबाई नव्हत्या, आणि बारा वर्षं खांबावरचे दिवे लावणारा प्रसेनजित नव्हता. कारण लिहिलं होतं, सेवा सलग नसणे. उद्यापासून येण्याची आवश्यकता नाही. सरपंचांचा पुतण्या चार वर्षांपूर्वी लागला होता, त्याची सेवा मात्र सलग निघाली. त्याला कधी खंड दिलाच नव्हता ना. ज्यांनी खंड द्यायचा त्यांनी तो दिला, आणि मग तोच दाखवून हाकललं. हे वाचून माझं डोकं फिरलं होतं, आणि आजही लिहिताना फिरतं.

कलाबाई म्हणाल्या, "आपल्याले कोन इचारते?" आणि दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी धरली. प्रसेनजित घरांची वायरिंग करू लागला. अन्नपूर्णाबाई माझ्या दुकानात आल्या. हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती.

"लिही," त्या म्हणाल्या. "साडेसतरा वर्षं. एकबी दिवस खाडा नाई."

"मावशी, पण हजेरीपटात खंड दिसतो. त्या दिवसांवर नाव तुमचं नाही."

"रंगरावाचं हाय."

"रंगरावकाका जाऊन चार वर्षं झाली."

"तरी हाय," त्या म्हणाल्या आणि मघाशी मी लिहिलेलं सगळं मला सांगितलं. मी कीबोर्ड बाजूला सारला. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.

"हे कुणाजवळ बोलू नका," मी म्हणालो. "मेलेल्या माणसाच्या नावावर अंगठा म्हणजे केस होईल. २०१९ च्या अगोदरचे खंड दाखवू. म्हणू की काका नुसते नावाला होते, काम तुम्हीच केलं."

"अन् थे कोन मानंल? थो जित्ता होता. साहेब म्हनंल, त्यानंच केलं असंन. जित्त्या मानसाचे दिवस मले खोटी पाडतात, शकील. मेल्यावरचे पंच्याहत्तर दिवस तेवढे माह्या बाजूचे हायेत. मेलेला मानूस शिडी चढत नाई, एवढं तं साहेबालेबी समजंल."

वीस वर्षं लोकांचे अर्ज लिहितोय, पण हे मला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी मी ते लिहायला धजलो नसतो, हेही कबूल करतो.

"केस झाली तर?" मी पुन्हा विचारलं.

"होऊ दे. नोकरी तं गेलीच हाय. पन मी पावसात चढली, तापात चढली, त्याच्या सरणाच्या दुसऱ्या दिवशी चढली, अन् कागद म्हनते मी नव्हतीच. नोकरी नाई देल्ली तं नोका देऊ. मी नव्हती असं मले म्हनायचं नाई." त्यांचा आवाज चढला होता. माझ्या दुकानातही त्या भांडूनच बोलत होत्या, आणि मला ते आवडलं.

तुम्हाला वाटेल, बाईंना काढल्यावर गावाचं पाणी बिघडलं असेल आणि लोक त्यांच्या दारात गेले असतील. तसलं काही झालं नाही. नवा माणूस चढतो, पावडर टाकतो, पाणी पिवळं होतं. कामात जादू नव्हती. गावकऱ्यांना तर थोडं बरंच वाटलं, मोटरी पुन्हा नळाला लागल्या. ही बाई नसली तर गाव अडतं, असं मला म्हणता येणार नाही. तिनं काम केलं आणि ते तिच्या नावावर नाही, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

अर्ज देण्याअगोदर बाई सचिवांकडे गेल्या. मला सोबत नेलं. उकंडराव निवृत्त होऊन बंगईवर झुलत पेपर वाचत बसले होते. बाईंनी काय करणार ते सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातला पेपर खाली आला.

"अन्नपूर्णा, माह्या पेन्शनचे कागद अजून वर अडकून हायेत. तुले बोलायचं असंन तं बोल, पन माहं नाव घेऊ नोको. मी तुह्या भल्यासाठीच केलं होतं."

"भल्यासाठी नाई केलं असं मी कुठं म्हनलं?"

घरातून चहा आला. बाईंनी तो पूर्ण प्यायला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमचं नाव मी घेनार नाई, सचिव. पन तुमी भेकड हाय, एवढं सांगून जाते." सचिवांनी पेपर पुन्हा उचलला. परतताना मी म्हणालो, "मावशी, जरा जास्तच बोललात." त्या म्हणाल्या, "चहा पिऊन बोलली ना? उपाशी असती तं अजून बोलली असती."

सुनावणी दुपारी होती. मुख्याधिकारी तरुण होते, शहराकडचे, नोकरीत येऊन दोनेक वर्षं झालेली. बोलायला वाईट नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली. बाई उभ्याच राहिल्या.

"बाई, कागदावर तुमची सेवा खंडित आहे. माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले.

"साहेब, त्या कपाटातून मृत्यूचं रजिस्टर काढता का? फेब्रुवारी २०१९."

शिपायानं काढलं. मग बाईंनी मार्चचा हजेरीपट मागितला. दोन्ही रजिस्टरं टेबलावर शेजारी-शेजारी उघडी झाली. साहेबांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं एकच. त्यांनी पुढचे महिने चाळले. जून, सप्टेंबर, डिसेंबर. चेहरा उतरत गेला.

"हे काय आहे?"

"दोनच गोष्टी होऊ शकतात, साहेब. मेलेला मानूस पंच्याहत्तर दिवस टाकीवर चढला, नाई तं मी चढली. तुमाले जे पटते थे लिहा."

"हा अंगठा कुणाचा?"

टेबलावर शाईचं पॅड होतं. बाईंनी विचारलं नाही, डावा अंगठा त्यावर दाबला आणि आपल्याच अर्जाच्या खाली, सहीच्या शेजारी उमटवला. सोलवटलेला अंगठा, मधोमध आडवी भेग. हजेरीपटातल्या पंधरा पानांवर तीच भेग होती. ओळखायला तज्ज्ञ नको होता, शिपायानंही वाकून बघितलं आणि मान हलवली.

"बाई, तुम्ही काय कबूल करताय हे कळतंय का तुम्हाला? ही फसवणूक आहे."

"कोनाची? पावडर टाकली नाई का मी? पानी पिवळं झालं नाई का?"

"नोंद कुणी लिहिली?"

बाई म्हणाल्या, "अक्षर ओळखता येत असंन तं ओळखा. मी अंगठ्यापुरतं बोलते. अन् एक इचारते, साहेब. हा खंड कोनं काढला? म्या काढला? तुमच्याच कार्यालयानं मले पाच-पाच दिवस कागदावरून उठवलं, अन् आता तुमीच म्हनता, बाई मधी-मधी उठून जात होती."

साहेबांनी रजिस्टरं मिटली. निर्णय कळवू, म्हणाले.

निर्णय तीन आठवड्यांनी आला. हरकत फेटाळली होती, प्रकरणाची चौकशी प्रलंबित असल्यामुळे. आणि चारच दिवसांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. नगर पंचायतीनं बाईंविरुद्ध तक्रार दिली होती. मी सांगितलं होतं, गप्प राहा म्हणून. तरी तो अर्ज मीच माझ्या हातानं टाइप केला होता. रात्री जेवण गेलं नाही, बायकोला, खुर्शीदाला, म्हणालो की या बाईला मीच गोत्यात आणलं. खुर्शीदा म्हणाली, "उसको कौन गोत्यात आणेगा? तुम उसके साथ जाओ बस."

सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. गाडीत मी जामीन, वकील असलं काहीबाही बोलत होतो. बाई खिडकीतून हरभऱ्याचे हिरवे पट्टे बघत होत्या आणि अधूनमधून विचारत होत्या की घाटे भरलेत का. ठाण्यात एक वयस्क हवालदार होते. त्यांनी चष्मा लावला, तक्रार समोर घेतली आणि जबाबाआधी वाचून दाखवू लागले. बरीचशी भाषा नेहमीचीच, सदर, उपरोक्त, दिनांक. मग मुख्य भाग आला.

"सदर महिलेने, पती मयत असल्याचे माहीत असतानाही, मार्च २०१९ ते सप्टेंबर २०२२ या काळात एकूण पंच्याहत्तर दिवस पाणीपुरवठ्याच्या टाकीवर स्वतः हजर राहून काम केले, व हजेरीपटावर मयत पतीच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उमटवून ग्रामपंचायतीची दिशाभूल केली."

बाई पुढे सरकल्या. "थांबा. थे मधातलं पुन्हा वाचा."

"कोणतं?"

"स्वतः हजर राहून."

हवालदारांनी पुन्हा वाचलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कार्यालयाला दुसरं लिहिताच येत नव्हतं. काम झालंच नाही असं लिहावं तर मग गावानं पंच्याहत्तर दिवस कसलं पाणी प्यायलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागलं असतं. मग त्यांनी लिहिलं, बाईनं केलं. जे साडेसतरा वर्षांत कुठल्या कागदावर आलं नाही ते बाईंना अडकवायच्या घाईत त्यांनी स्वतःच लिहून दिलं होतं. मी बाईंकडे बघितलं. त्यांना हे आधीच ठाऊक होतं की काय, ते मी आजवर विचारलेलं नाही.

"खाली सही कोनाची हाय?" बाईंनी विचारलं.

"मुख्याधिकाऱ्यांची."

"शिक्का?"

"गोल शिक्का आहे. जावक क्रमांकसुद्धा आहे." हवालदारांनी चष्मा कपाळावर घेतला. "बाई, यातलं तुम्हाला काय काय मान्य आहे?"

"सगळं. साहेबानं सही-शिक्क्यानिशी लिहून देल्लं, त्याच्यात नाई कशाले म्हनू? याची नक्कल मले पाह्यजे. कामगार कोर्टात लावायची हाय."

हवालदार आवाज खाली आणून, समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, नीट ऐका. हा गुन्हा आहे. तुमच्या नावावर चढेल."

"चढू द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "गुन्हा माहा हाय, तं कामबी माहंच हाय."